शंभर टक्क्यांचा सोस

नमस्कार श्रोतेहो.

माझा लॅपटॉप दोन वर्षं टेबलावरून हलला नव्हता. चार्जर कायम लावलेला, पडद्याच्या कोपऱ्यात कायम शंभर टक्के. बॅटरी वापरतच नाही म्हटल्यावर ती नवीकोरी राहणार, असा माझा हिशेब. मग एकदा वीज गेली. नवा असताना तीन तास चालणारा लॅपटॉप पावणेदोन तासांत आडवा झाला.

विंडोज असेल तर तुम्हालाही आपल्या बॅटरीची तब्येत बघता येते. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे संगणकाला हुकूम टाइप करून द्यायची खिडकी, उघडा. पॉवर हा शब्द, त्याला जोडून सी, एफ, जी, मग एक जागा, तिरकी रेघ म्हणजे फॉरवर्ड स्लॅश, आणि बॅटरीरिपोर्ट, असं सगळं इंग्रजीत टाइप करा. एक फाइल तयार होते. त्यात दोन आकडे शोधायचे: डिझाइन कपॅसिटी, म्हणजे बॅटरी मुळात केवढी होती, आणि फुल चार्ज कपॅसिटी, म्हणजे आज तिच्यात किती मावतं. माझ्याकडे 50 वॉट-तासांचे 31 उरले होते.

झालं काय होतं? ही लिथियम-आयन बॅटरी. 1991 साली बाजारात आली, आणि तिच्या घडणीसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. काठोकाठ भरलेल्या अवस्थेत तिच्या प्रत्येक सेलवर साधारण 4.2 व्होल्टचा ताण असतो. त्यात उष्णतेची भर पडली की आतली नको ती रसायनक्रिया वेग घेते आणि बॅटरी नुसती बसल्या बसल्या म्हातारी होते. ‘पूर्ण उतरवा, मग चार्ज करा’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. हिला तो उलट त्रासदायक.

म्हणून चार्जिंगची मर्यादा ऐंशी टक्क्यांवर ठेवा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, ही सोय असते. कुणी आपणहून सांगत नाही, एवढंच. प्रवासाला निघताना खुशाल शंभर करा.

उष्णतेचं म्हणाल तर गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नका, खालची हवेची वाट बुजते. दुसरी जागा म्हणजे बॅग. झाकण मिटलं की लॅपटॉप बहुधा स्लीपमध्ये जातो, आणि स्लीपमध्ये रॅमला, म्हणजे उघडं काम धरून ठेवणाऱ्या मेमरीला, वीज चालूच असते. काही नवी मशिन्स तर त्या अवस्थेत मधूनच जागी होऊन अपडेट घेतात. बॅगेतून काढावा तर लॅपटॉप गरम, बॅटरी अर्धी! कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर काय व्हावं ते ठरवता येतं. तिथे हायबरनेट दिसत असेल तर ते निवडा. त्यात उघडं काम डिस्कवर उतरतं आणि मशीन खरोखर बंद होतं.

आजच्या आज तासभर जास्त हवा असेल तर आधी पडद्याचा उजेड कमी करा. बहुतेक वेळा सर्वात मोठा खादाड तोच. रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगतो तो आकडा, 120 असेल तर 60 हर्ट्झवर आणा. बॅटरी सेव्हर (नव्या विंडोजमध्ये एनर्जी सेव्हर) सुरू करा. काळ्या थीमचा फायदा मात्र ओएलईडी, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्या पडद्यालाच होतो, साध्या एलसीडीला फारसा नाही.

लॅपटॉप काही महिने कपाटात जाणार असेल तर साधारण अर्धी बॅटरी भरून थंड जागी ठेवा. आणि टचपॅड वर उचललेला दिसला, झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगलेली असू शकते. ती दाबू नका, टोचू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या.