पोटाचं पथ्य आणि लसणाची फोडणी

(दृश्य: स्वयंपाकघर. पोळपाटावर पोळी, शेगडीवर वरण.)

पोट बिघडलं की आपल्याकडे पहिला आळ येतो तिखटावर. मिसळ बंद, ठेचा बंद. मग ताटात उरतं साधं वरण-पोळी, भाजी आणि वर कपभर दूध. आणि तरी दुपारी पोट नगाऱ्यासारखं फुगतंच.

सोनोग्राफी नॉर्मल. रक्त नॉर्मल. डॉक्टर सांगतात, आयबीएस आहे, म्हणजे तपासणीत दोष दिसत नाही, पण पोट वारंवार दुखतं आणि बिघडतं. घरचे म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस. टेन्शनने त्रास वाढतो हे खरं, पण कळ खोटी नसते. या लोकांच्या आतड्याच्या नसा फार हळव्या असतात; इतरांना जाणवतही नाही एवढ्या गॅसनेही त्यांना मुरडा येतो.

(दृश्य: पोळी, कांदा, लसूण, छोले, दूध, फ्लॉवर, आंबा.)

हा गॅस येतो कुठून? ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाचे पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५ मध्ये काही शर्करांना मिळून एक नाव दिलं, फॉडमॅप. या शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात, आणि मोठ्या आतड्यातले जीवाणू त्यांना आंबवून गॅस करतात. गहू, कांदा, लसूण यांत फ्रुक्टन. छोले-राजम्यात त्याचीच भावंडं. दुधात लॅक्टोज, फ्लॉवरमध्ये मॅनिटॉल, आंब्यात जादा फ्रुक्टोज. म्हणजे वरचं ते 'साधं' ताट पुन्हा बघा. मिरचीही काहींना बाधते, पण तिच्यामागे ही मंडळी बिनबोभाट सुटतात.

(दृश्य, जवळून: तेलात लसणाच्या पाकळ्या.)

आता हे बघा. फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून पाकळ्या तेलात तांबूस होऊ द्यायच्या, झाऱ्याने सगळ्या काढून टाकायच्या आणि मगच जिरं-हिंग घालायचं. वरणाला लसणाचा वास येतो, फ्रुक्टन मात्र पाकळ्यांबरोबर बाहेर जातं. हे तेल ताजंच करावं, बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नये. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग चिरायचा. आणि कांदा-लसणाशिवाय चव येत नाही म्हणणाऱ्यांनी चातुर्मासातला किंवा नैवेद्याचा स्वयंपाक आठवावा.

पोळीच्या जागी ज्वारीची भाकरी किंवा भात. डाळ सोडायची गरज नाही. मूगडाळ भिजवायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि बेताने वाढून घ्यायची. पोट साफ होत नसेल तर गव्हाच्या कोंड्यापेक्षा इसबगोल बरा.

(दृश्य: वहीत तारखा, पदार्थ, त्रास.)

फॉडमॅप टाळण्याचं हे कडक पथ्य २ ते ६ आठवड्यांचं. इथेच बरेच जण घोळ घालतात: बरं वाटलं म्हणून वर्षभर तेच चालवतात आणि आहार विनाकारण आखडून बसतात. आतड्यातल्या उपयोगी जीवाणूंचंही खाणं त्याने तुटतं. एकेक पदार्थ परत आणायचा. आज अर्धा कप दूध, उद्या थोडं जास्त, परवा आणखी; मग दोन-तीन दिवस थांबून पुढचा पदार्थ. कोणाला दूध पचतं, कांदा नाही, कोणाचं उलटं. सोबत आहारतज्ज्ञ असेल तर उत्तम.

शौचातून रक्त, आपोआप वजन घटणं, पंडुरोग (अंगात रक्त कमी असणं), रात्री झोपमोड करणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास असेल, तर पथ्य बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. आणि गहू बंद करण्यापूर्वी गव्हातल्या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याच्या आजाराची, म्हणजे सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर केलेली तपासणी, आजार असूनही, नॉर्मल येऊ शकते.