मोतीबिंदू परत येत नाही! मग याग लेसर डोळ्यात करतो काय?

नमस्कार मंडळी. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन-तीन वर्षं झालेली असतात. सगळं छान दिसत असतं. मग हळूहळू पेपरातली अक्षरं धुरकट व्हायला लागतात, रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे पसरतात. घरात लगेच कुणीतरी म्हणतं, "मोतीबिंदू परत आला." आणि पाठोपाठ, "ऑपरेशनच नीट झालं नसणार."

मोतीबिंदू परत येऊच शकत नाही. जे भिंग गढूळ झालं होतं, ते आता डोळ्यात नाहीच. आणि बहुतेक वेळा यात सर्जनचा काही दोषही नसतो.

मग धुरकट काय झालं? आपलं मूळचं भिंग एका पारदर्शक पिशवीत असतं. ऑपरेशनमध्ये पिशवीला पुढून गोल खिडकी पाडतात, आतलं गढूळ भिंग काढतात आणि त्याच पिशवीत कृत्रिम भिंग बसवतात. द्राक्षाचा गर काढून घ्यावा आणि साल जागेवर ठेवावी, तसं. मागच्या बाजूची ही साल मध्यावर साधारण ४ मायक्रॉन जाडीची असते, म्हणजे एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले चार. ऑपरेशन कितीही निगुतीनं केलं, तरी पिशवीच्या आत कडेला भिंगाच्या काही पेशी चिकटून राहतात. त्या जिवंत असतात. वाढतात, सरकत सरकत मागच्या बाजूला येतात आणि तिथली पारदर्शकता घालवतात. डॉक्टर "भिंगामागे जाळी आलीय" म्हणतात, ती ही. लहान मुलांमध्ये तर या पेशी इतक्या जोमानं वाढतात की बऱ्याचदा सर्जन पहिल्याच ऑपरेशनमध्ये मागच्या सालीलाही भोक पाडून ठेवतात.

जाता जाता एक सांगतो. "आमच्या बाबांचा मोतीबिंदू लेसरनं काढला," असं खूप जण म्हणतात. बहुतेकांचा फेको पद्धतीनं काढलेला असतो, आणि फेकोचं यंत्र अल्ट्रासाउंडवर, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींवर चालतं. फेम्टोसेकंद नावाच्या लेसरची मदत घेतात, पण ती चिरा देण्यापुरती आणि भिंगाचे तुकडे पाडण्यापुरती. ते तुकडे बाहेर ओढायला पुन्हा फेकोच लागतं. जाळी मात्र खरोखर लेसरनं निघते.

आता खरी गंमत बघा. ही जाळी न कापलेल्या डोळ्याच्या आत आहे. तिच्या पुढे कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि नवं भिंग, मागे रेटिना (प्रकाश टिपणारा मागचा पडदा). पूर्वी ती उघडायला डोळ्यात सुई किंवा पातळ सुरी घालावी लागायची. प्रकाश आत जाऊ शकतो, ठीक आहे. पण ज्या प्रकाशाला कॉर्निया अडवत नाही, भिंग अडवत नाही, त्याला ही पातळ जाळी तरी कशी अडवणार? आणि जो प्रकाश शोषलाच जात नाही, तो जाळणार काय?

इथे याग नावाचा एक क्रिस्टल कामाला येतो. यट्रियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा बनलेला, त्यात साधारण एक टक्का निओडिमियम, म्हणून पूर्ण नाव एनडी-याग. १९६४ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये यातून पहिल्यांदा लेसर निघाला. शेजारच्या दिव्याच्या झोतातून क्रिस्टल ऊर्जा साठवतो, आणि क्यू-स्विच नावाची झडप ती ऊर्जा अडवून धरते, मग एकदम सोडते.

किती ऊर्जा? एका वेळी साधारण १ ते २ मिलिज्यूल. एक ग्रॅमचं वजन दहा सेंटिमीटर उचलायला १ मिलिज्यूल लागतं. इतकी क्षुल्लक! पण ती सुटते ४ नॅनोसेकंदांत, म्हणजे एका सेकंदाच्या अब्जाव्या भागांपैकी फक्त चार भागांत. आता भागाकार करा: १ मिलिज्यूल भागिले ४ नॅनोसेकंद, उत्तर येतं अडीच लाख वॅट. आणि हे सगळं जेमतेम दहाएक मायक्रॉनच्या ठिपक्यावर. तिथे प्रकाश इतका तीव्र होतो की अणूंमधून इलेक्ट्रॉन उखडले जातात, प्लाझ्माची ठिणगी पडते, दाबाची लाट उठते आणि जाळी फाटते. प्रकाश शोषत नसली तरी फाटते. म्हणजे हा लेसर जाळत नाही, सूक्ष्म स्फोट करतो.

रेटिना का वाचतो? किरण शंकूसारखे एका बिंदूवर एकवटतात आणि पुढे लगेच फाकतात. मागे पोचेपर्यंत ते विखुरलेले असतात. याची तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर, डोळ्यांना न दिसणारी. म्हणून नेम धरायला सोबत लाल प्रकाश देतात. डॉक्टर तो नेम जाळीच्या किंचित मागे धरतात, नाहीतर नव्या भिंगावरच खड्डे पडतील. ४ मायक्रॉनच्या सालीवर हा हिशोब हातानं सांभाळायचा असतो. मला या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो.

हे तंत्र १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९८० च्या सुरुवातीला दोन ठिकाणी उभं राहिलं: पॅरिसमध्ये डॉ. दानिएल आरों-रोझा आणि स्वित्झर्लंडमध्ये बर्नला डॉ. फ्रान्झ फांकहाउझर. डोळ्यात लेसर मात्र त्याआधीच गेला होता. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर मेमन यांनी माणकाचा पहिला लेसर १९६० च्या मे महिन्यात चालवला, आणि १९६१ मध्ये न्यूयॉर्कला डॉ. चार्ल्स कॅम्पबेल यांनी तसाच लेसर एका रुग्णाच्या रेटिनावरच्या गाठीवर वापरला. तिथे मात्र काम जाळण्याचंच होतं. आजही मधुमेहामुळे रेटिना बिघडला की याच याग क्रिस्टलची तरंगलांबी अर्धी करून मिळणारा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश वापरतात. तो रेटिनात शोषला जातो आणि तिथे शेक देतो.

तुमच्यावर ही वेळ आली तर? बाहुली मोठी करणारे थेंब, बधिर करणारे थेंब, हनुवटी यंत्रावर, काही टिकटिक आवाज. पाच-दहा मिनिटांत उठायचं. टाका नाही, पट्टी नाही. पण बाहुली मोठी असते, त्यामुळे त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नका, सोबत कुणाला तरी न्या. डोळ्याचा दाब थोडा वेळ वाढू शकतो, म्हणून तो तपासल्याशिवाय निघू नका. काही दिवस बारीक ठिपके तरंगताना दिसतात, ते चालतं. पण विजेसारखे लखलखाट, अचानक खूप काळे ठिपके किंवा एका बाजूनं पडदा सरकल्यासारखं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. क्वचित रेटिना सुटू शकतो आणि तिथे थांबायला वेळ नसतो.

लेसरची घाईही करू नका. धुरकटपणा जाळीमुळेच आहे की रेटिनामुळे, हे आधी तपासून घ्या. बसवलेल्या भिंगाबद्दलच तक्रार असेल तर ती लेसरच्या आधी सांगा, कारण पिशवीला मागून भोक पडलं की भिंग बदलणं अवघड होतं.

आणि गावातल्या शिबिरात ज्यांचं ऑपरेशन झालंय, त्यांच्या घरच्यांना माझी विनंती आहे. शिबिर होऊन जातं, डॉक्टर निघून जातात, आणि दोन वर्षांनी आजी म्हणते, "आता वयच झालं, दिसायचं नाही." तिला एकदा तपासायला न्या. ऑपरेशनचं कार्ड सोबत घ्या, त्यावर भिंगाचा नंबर असतो. डॉक्टरांना सरळ विचारा, "मागे जाळी आलीय का?"