हँडल, काचा आणि हलती चित्रं

श्रोतेहो, नमस्कार.

पडद्यावर एक दाढीवाला गाढ झोपलाय. घोरताना त्याचा जबडा उघडतो, मिटतो. पांघरुणावरून एक उंदीर चढत येतो आणि थेट त्याच्या तोंडात शिरतो. मागोमाग दुसरा, मग तिसरा! सिनेमा यायच्या आधी, एकोणिसाव्या शतकात, मॅजिक लँटर्नच्या, म्हणजे काचेवरचं चित्र प्रकाशाने पडद्यावर मोठं करून दाखवणाऱ्या कंदिलाच्या खेळांत हे चित्र भलतंच लोकप्रिय होतं.

यात मोटार नाही की वीज नाही. लाकडी चौकटीत एकामागे एक बसवलेल्या रंगवलेल्या काचा, एवढंच. जबडा वेगळ्या काचेवर, तो दांडीने खालीवर करायचा. उंदीर एका गोल काचेवर ओळीने काढलेले. तिच्या कडेला पितळी दातेरी चकती. हँडल फिरवलं की एकेक उंदीर पुढे सरकतो. जिथून प्रकाश जायला नको ती जागा काळ्या रंगाने बुजवलेली, म्हणून तोंडाशी पोचलेला उंदीर गडप होतो. माझ्या मते सगळी हुशारी त्या काळ्या रंगात आहे. आणि कंदिलात काच उलटी घालावी लागते बरं का! म्हणजे दाखवणाऱ्याच्या हातात चित्र डोकं खाली, पाय वर. एका हाताने जबडा, दुसऱ्या हाताने उंदीर. जरा घाई झाली की उंदीर मिटल्या तोंडावर आदळायचा. त्या अनामिक कलावंतांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

चित्र हलवायची हौस या कंदिलाइतकीच जुनी. डच शास्त्रज्ञ क्रिस्टियान हायगेन्स यांनी १६५९ मध्येच स्लाइडसाठी रेखाटनं केली होती: एक सांगाडा स्वतःची कवटी उचलून हातात घेतो. पुढच्या शतकात लायडनचे प्राध्यापक म्युशेनब्रुक यांनी पवनचक्कीची पाती फिरवून दाखवली.

मग आला क्रोमॅट्रोप. नक्षी काढलेल्या दोन गोल काचा एकमेकींच्या उलट दिशेने फिरायच्या. पडद्यावर रंग मधोमध उमलून कडेकडे धावत सुटायचे. हँडल उलटं फिरवलं की तेच रंग आत ओढले जायचे. यात गोष्ट नाही, पात्र नाही, तरी नजर हटत नाही.

१८६६ मध्ये इंग्लंडमध्ये बील यांनी कोरिओटोस्कोप आणला. काचेच्या पट्टीवर एकाच आकृतीच्या वेगवेगळ्या अवस्था. हँडल फिरवलं की पट्टी झटक्याने पुढे सरकायची, क्षणभर थांबायची आणि सरकताना मध्ये झडप यायची, त्यामुळे आकृती नाचतेय असं वाटे. सिनेमाच्या प्रोजेक्टरमध्ये फिल्मही पुढे अशीच थांबत थांबत सरकू लागली.