संपलेला सेल कुठे जातो?

(दृश्य : भिंतीवरचं घड्याळ. एक हात जुना सेल काढून नवा बसवतो.)

घड्याळ बंद पडलं की आपण म्हणतो, सेल संपला. पण संपली ती फक्त घड्याळ चालवण्याइतकी ताकद. आतली रसायनं आतच असतात. साध्या पेन्सिल सेलचं नळकांडं जस्ताचं, मधोमध कार्बनची कांडी, तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी भुकटी. गावोगावच्या शाळांत हे सेल फोडून ती भुकटी फळा काळा करायला वापरत, आणि मुलं कांडीनं फरशीवर रेघोट्या मारत. त्या काळी कुणी सांगणारं नव्हतं. आता सेल फोडू नका. मंदावलेला सेल उन्हात ठेवायची सवयही सोडा, तापलेला सेल लवकर पाझरतो.

अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, कातडी भाजणारं. रिमोटच्या स्प्रिंगवर पांढरा थर दिसला तर तो उघड्या बोटानं खरवडू नका. हातमोजे घाला.

(दृश्य : सुका कचरा वेगळा करणाऱ्या शेडमध्ये काम करणाऱ्या बाया.)

आपण डब्यात टाकलेला सेल पुढे यांच्या हातात येतो. घंटागाडीतून आलेल्या ढिगात कागद, प्लास्टिक, पुठ्ठा, आणि मध्येच कुणीतरी टाकलेली मोबाइलची फुगलेली बॅटरी. लिथियम बॅटरीत धन आणि ऋण थरांमध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. कचरा दाबणाऱ्या गाडीत बॅटरी चेपली, पडदा फाटला, की आतल्या आत शॉर्ट होतं आणि आग लागते. भोवती सगळं पेटणारंच. ही जोखीम आपण त्या बायांवर टाकतो, तीही न सांगता. मला सगळ्यात जास्त हे खुपतं.

(दृश्य : टेबलावर बटन सेल, शेजारी एक रुपयाचं नाणं.)

आता हा छोटा चकचकीत सेल. यावर २०३२ असं लिहिलेलं असतं, म्हणजे रुंदी २० मिलिमीटर, जाडी ३.२. वजनकाट्यात, गाडीच्या रिमोट किल्लीत, गाणाऱ्या खेळण्यात तो सापडतो. लहान मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर ओल्या त्वचेतून वीज वाहू लागते, तिथे तीव्र अल्कली तयार होतं आणि दोन तासांतही खोल जखम होऊ शकते. वापरून झालेला सेलही हे करू शकतो, कारण थोडी वीज त्यात उरलेलीच असते. मुलानं गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, एक्स-रेची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठा. म्हणून काढलेला बटन सेल टेबलावर ठेवायचाच नाही. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून लगेच मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवायचा.

चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीलाही पट्टी हवीच, कारण तिची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात, किल्ली किंवा तार लागली तरी शॉर्ट होतं. बाकीचे सेल झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत, कोरड्या जागी साठवा. फुगलेली बॅटरी मात्र त्या बरणीत नको. तिला टोचू नका, चार्ज करू नका, पेटणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि लवकरात लवकर देऊन टाका.

(दृश्य : सेलवरची खूण जवळून. चाकांची कचरापेटी, तिच्यावर फुली.)

देशातला २००१ चा बॅटरीविषयक नियम फक्त शिसे-आम्लाच्या, म्हणजे गाडी-इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांसाठी होता. घरातले सेल बॅटरी कचऱ्याच्या नियमात आले ते २०२२ साली. त्यानुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांची आहे, आणि त्या घरच्या कचऱ्यात न मिसळण्याची आपली. फुलीची खूण तेच सांगते.

त्याआधी २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्यांना घरगुती घातक कचरा म्हटलं होतं आणि अशा कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र असावं असंही सांगितलं होतं. आपल्या भागातलं केंद्र कुठे आहे, हे वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारा. नसेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या, नगरसेवकाची सही घ्या, पोच मागून घ्या. तोवर बरणी भरली तर ई-कचरा संकलनाच्या मोहिमेत द्या, किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राला फोन करून सेल घेतात का ते विचारा. घंटागाडीवरच्या ताईंकडे द्यायचे झाले, तर आधी त्या घेतात का ते विचारा. घेत असतील तर वेगळ्या पिशवीत द्या, वर ठळक अक्षरांत ‘सेल’ लिहा आणि हातात देताना तोंडानंही सांगा.