बेरा सपाट आली म्हणजे नस गेली असं नव्हे

(इंदुरात मराठी पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, दीड वर्षाचं मूल. ताट पडलं तरी वळून बघत नाही. बेरा होते, म्हणजे कानात आवाज देऊन नस आणि मेंदूत उठणारे विद्युत संदेश नोंदवणारी तपासणी, आलेख सपाट येतो आणि दवाखान्याबाहेर कोणीतरी सांगतं, "कान की नस सूख गई है, अब कुछ नहीं होगा." रामबागेपासून लोकमान्य नगरापर्यंत किती घरांनी हे ऐकून घेतलंय आणि पुढची दोन वर्षं काहीच केलेलं नाही! त्या वाक्याविरुद्ध बोलायलाच मी आज उभी आहे.

आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्यातल्या साधारण साडेतीन हजार आतल्या केसपेशी आवाजाचे विद्युत संदेश करतात आणि सुमारे तीस हजार तंतूंची श्रवण-नस ते मेंदूकडे नेते. जन्मतः बहिऱ्या असलेल्या बहुतेक मुलांमध्ये बिघाड केसपेशींत असतो. नस जागेवर असते. पण बेरात आपण आवाज देतो, म्हणजे वाट केसपेशींतूनच. पोस्टमन गल्लीत आलाच नाही, तर घरात माणूस नाही असं कसं म्हणायचं? कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र, केसपेशींना वगळून थेट नसेला विजेचा संदेश देतं. म्हणून नसेची चौकशी वेगळी करावी लागते.

पहिली चौकशी एमआरआयची. सीटी स्कॅन हाड उत्तम दाखवतो, नस ज्या बारीक छिद्रातून शंखात शिरते ते अरुंद आहे का तेही दाखवतो, पण नस दाखवत नाही. एमआरआयमध्ये आतल्या कानाच्या बोगद्याचा आडवा छेद घेतला की चार ठिपके दिसतात: एक चेहऱ्याची नस, दोन तोल सांभाळणाऱ्या आणि एक ऐकण्याची. ऐकण्याची नस एरवी चेहऱ्याच्या नसेएवढी किंवा तिच्याहून जाड असते. बारीक दिसली, दिसलीच नाही, तर शस्त्रक्रियेआधी थांबून बोलायला हवं. "मेंदू नॉर्मल" एवढ्याच ओळीचा रिपोर्ट घेऊन घरी जाऊ नका. दोन्ही बाजूंच्या श्रवण-नसेबद्दल स्पष्ट लिहून मागा.

वीज देऊन थेट विचारताही येतं. व्होल्टाने 1800 साली आपल्या कानांत विजेला जोडलेल्या धातूच्या सळ्या घालून काहीतरी खदखदल्यासारखा आवाज ऐकल्याचं लिहिलं आहे. आज कानाच्या पडद्यातून बारीक सुई आत नेऊन मधल्या कानातल्या हाडाच्या उंचवट्यावर टेकवतात आणि हलकी वीज देतात. मोठा माणूस सांगतो, ऐकू आलं की नाही. लहान मुलाला भूल देऊन, विजेने उठलेली बेरा नोंदवतात. ही तपासणी प्रत्येकाला लागत नाही. शिवाय उत्तर आलं नाही एवढ्यावरून नस नाहीच असं ठरवणं चूक आहे.

आता ज्यांच्या बाळाला जन्मानंतर जबर कावीळ झाली होती किंवा जे फार लवकर जन्मलं, त्यांनी नीट ऐका. अशा काही मुलांमध्ये ओएई तपासणी, म्हणजे बाहेरच्या केसपेशींतून परत येणारा बारीक आवाज टिपणारी, पास होते आणि बेरा मात्र सपाट. बाहेरच्या केसपेशी चालतात, पुढे संदेश विस्कटतो. फक्त ओएई करून "कान ठीक आहे" म्हणून परत पाठवलेलं मूल इथेच निसटतं. बिघाड केसपेशी आणि नस यांच्या सांध्यात असेल तर इम्प्लांटचा फायदा बहुधा चांगला होतो, नसच बारीक असेल तर कमी. म्हणून इथेही एमआरआय हवाच.

आणि सगळ्यात स्वस्त पुरावा घरात मिळतो. श्रवणयंत्र लावल्यावर मूल ढोलाला, कुकरच्या शिट्टीला दचकतं का? तारीख घालून वहीत लिहा. एमआरआयमध्ये नस न दिसलेल्या काही मुलांनाही आवाज जाणवतो, कारण काही तंतू शेजारच्या नसेबरोबर गेलेले असू शकतात. तुमची वही तिथे निर्णय फिरवू शकते.

नस दोन्हीकडे खरोखर नसेल, तर मेंदूच्या बुंध्यावर बसवायचं इम्प्लांट असतं. ते मोजक्या केंद्रांत होतं आणि त्याचा लाभ मुलागणिक फार वेगळा. त्याचा विचार चालू असतानाच मुलाशी खुणांची भाषा सुरू करा, आजी-आजोबांसकट. शस्त्रक्रियेच्या तारखेची वाट पाहू नका.