मूक वर्गातली कुजबुज

(दृश्य : बर्फाळ उलानबातर. इमारती, खाली रस्त्यावरची वर्दळ.)

मंगोलियाची राजधानी उलानबातर. साल २०१२. पंधरा वर्षांचा बट्टुशिग अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचा एक अभ्यासक्रम इंटरनेटवरून करतोय. विषय सर्किट्स आणि इलेक्ट्रॉनिक्स. जगभरातून सुमारे १ लाख ५५ हजार जणांनी नाव नोंदवलंय. पास होणार सात हजारांच्या आसपास. त्यातल्या ३४० जणांना पैकीच्या पैकी गुण, आणि त्यांत हा मुलगा.

बातमी जगभर गेली. दूर देशातला पोरगा, समोर संगणक, बाकी कुणी नाही. थेट एकलव्यच! आपल्याला एकलव्य फार आवडतो. अंगठ्याचं तेवढं सोयीनं विसरतो.

पण या गोष्टीत एक वर्गखोली आहे. बट्टुशिगच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकून आलेले. त्यांनी हा अभ्यासक्रम शाळेत आणला. टोनी किम हा तरुण इंजिनिअर प्रयोगाचं सामान बॅगांत भरून अमेरिकेहून आला आणि दहा आठवडे राहिला. तेरा ते सतरा वयाची वीसेक मुलं जमली. व्याख्यानं पडद्यावर होती, पण हात लावायला खऱ्या वस्तू होत्या, आणि अडलं तर विचारायला माणूस होता.

(दृश्य : रात्रीची खोली, लॅपटॉपचा उजेड.)

अशा खुल्या, अफाट ऑनलाइन अभ्यासक्रमांना ‘मॅसिव्ह ओपन ऑनलाइन कोर्स’च्या आद्याक्षरांवरून ‘मूक’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द भलताच नेमका लागतो. एमआयटीच्या त्या अभ्यासक्रमाचा पुढे संशोधकांनी अभ्यास केला. नोंदणी केलेल्यांपैकी अभ्यासक्रमाच्या ऑनलाइन चर्चेत भाग घेणारे निघाले अवघे ३ टक्के. बाकी सगळे शब्दशः मूक. प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांत मात्र बोलणारे ५२ टक्के होते. आता, टिकले म्हणून बोलले की बोलले म्हणून टिकले? हे आकडे तेवढं सांगत नाहीत. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद मला जास्त बोलकी वाटते. पडद्याबाहेर कुणासोबत तरी बसून अभ्यास करणाऱ्याचे गुण, एकट्यानं करणाऱ्यापेक्षा जवळजवळ ३ ने जास्त असावेत, असा हिशोब निघाला.

मग सगळ्यांनाच गटात बसवलं तर?

जानेवारी २०१३ ची अखेर. कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाचा अभ्यासक्रम सुरू होतो. विषय : ऑनलाइन कसं शिकवावं. विद्यार्थी ४१ हजार. पहिलं काम, आपापला गट निवडा. त्यासाठी ठेवली होती गूगलची एक स्प्रेडशीट. तिच्यात एका वेळी लिहू शकत होते फक्त ५० जण. गावजेवण घातलं आणि वाढपी एकच, तसली गत. स्प्रेडशीट कोलमडली, विद्यार्थी वैतागले आणि आठवडाभरातच अभ्यासक्रम बंद ठेवावा लागला. ऑनलाइन कसं शिकवावं, याचा!

(दृश्य : पवई, आयआयटी मुंबईचा परिसर.)

पवईतल्या मंडळींनी दुसरी वाट धरली. त्यांच्या आराखड्यात व्हिडिओ मध्येच थांबतो आणि प्रश्न विचारतो. उत्तर आधी वहीत लिहायचं, मगच पुढे जायचं. चर्चेतही तेच. ‘काही शंका?’ असं विचारलं की सभागृहात जशी शांतता पसरते, तशीच इथंही पसरते. म्हणून चर्चेला एक नेमका प्रश्न दिला जातो. मागाहून त्याच चर्चेवर छोटी प्रश्नमंजुषा. म्हणजे दुसऱ्यानं काय लिहिलंय ते वाचल्यावाचून सुटका नाही. थोडी जबरदस्ती आहे खरी. पण शाळेत बाकावर शेजारी कोण बसणार, हे तरी आपण कुठं ठरवायचो?

(दृश्य : तळघरातल्या गॅरेजचा उतार.)

बट्टुशिग पुढे एमआयटीतच शिकायला गेला. त्याआधी त्यानं घरासाठी एक वस्तू बनवली होती. त्यांच्या इमारतीखाली गॅरेज होतं आणि त्याची धाकटी बहीण गॅरेजच्या वाटेवरच खेळायची. आतून गाडी निघाली की बाहेर भोंगा वाजेल, अशी जोडणी त्यानं केली.

(भोंग्याचा आवाज. मुलं बाजूला होतात. गाडी जाते. खेळ पुन्हा सुरू.)