पितळेतली अहिराणी

(दृश्य: मे महिन्यातली दुपार. बँडची गाडी. ट्रम्पेटवर फडकं फिरवणारे हात.)

तीथ दाट आहे. एकाच गावात तीन लग्नं आणि तिन्ही मांडवांना बँड हवा. सुपारी अर्थातच कधीची ठरलेली.

ही वाद्यं आली लष्करातून. जेम्स औट्रमनं १८२५ मध्ये खान्देशात भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगाव. पलटण म्हटली की बिगुल आलाच. पुढे ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम ही गोऱ्या फौजेची वाद्यं देशभर संस्थानिकांच्या दारी पोचली आणि तिथून लग्नाच्या वरातीत. आपल्याकडे ती घडवणारं मोठं गाव मेरठ. तिथल्या नादिर अली कंपनीचा व्यवसाय १८८५ पासूनचा. बँडवाल्यांचे लाल कोट, खांद्यावरच्या झिरमिळ्या हीसुद्धा पलटणीचीच उतरण. साहेब गेला, कोट राहिला!

(दृश्य: खटक्यांवरची बोटं, अगदी जवळून.)

ट्रम्पेटला खटके तीनच. मधला दाबला की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो, पहिला दाबला की एका, तिसरा दाबला की दीड. बाकी सगळा कारभार ओठांचा. आपल्या गाण्यातली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, या यंत्रात बसवलेलीच नाही. मास्तर खटका अर्धवट दाबून, ओठ सैल सोडून ती काढतो. समोर कागद नसतो. गाणं कानानं उचलायचं आणि तालमीत बसवायचं.

त्यात खान्देशचं ऊन. पितळ तापलं की सूर चढतो, आणि शेजारच्या किबोर्डचा सूर तर जागचा हलत नाही. मग ट्रम्पेटवाला चालता चालताच नळी जराशी बाहेर ओढतो. पुढे नाचणाऱ्या पोरांना याचा पत्ताही नसतो, लागायचं कारणही नाही.

(दृश्य: श्रावण. डोक्यावर कानबाई देवी घेतलेल्या बायका.)

श्रावणात लग्नं नाहीत, पण कानबाई आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, सोमवारी निघते मिरवणूक. बायकांच्या तोंडची अहिराणी गाणी तेव्हा बँडवर चढतात. साक्री-नवापूरकडे पावरीची चाल वाजली की पाय थांबत नाहीत. पावरी हे डोंगरपट्ट्यातल्या आदिवासींचं फुंकवाद्य. तिची चाल आज किबोर्डवर सर्रास निघते. माझ्या मते खान्देशी बँडची खरी कमाई हीच: वाद्य परकं, गाणं घरचं.

आता गाडीवर बँजो, पॅड आणि भलेमोठे स्पीकर आले, पितळ मागे सरकलं. २०२० च्या टाळेबंदीत ऐन लग्नसराई बुडाली. पावसाळ्यात यातले कितीतरी हात कपाशी निंदायला जातात.

पण यूट्यूबवर वरातीचे व्हिडिओ गेले आणि बँडचं नाव जिल्ह्याबाहेर पोचलं. सुरतेत उधना-लिंबायतला खान्देशी माणूस भरपूर. पोट तिकडे भरत असलं, तरी पोरगं घोड्यावर बसलं की त्याला बँड धुळे-नंदुरबारकडचाच लागतो.